बूट एसएसडी गेली, रेडच्या चारही डिस्क हातात आहेत, क्रिएट मारू का?

घाटावरचा_फोटोवाला · मंगळवार रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला, आता मी बघतो. मशीन असेंबल केलेलं, १२० जीबीच्या एसएसडीवर उबुंटू आणि डेटासाठी ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे चारही मिळून एकच मोठी डिस्क दिसते आणि एक गेली तरी डेटा राहतो. हे सगळं माझ्या मावसभावाने बसवून दिलं होतं आणि तो आता मर्चंट नेव्हीत जहाजावर आहे, पंधरा तारखेपर्यंत त्याला रेंज नाही, म्हणून इथे विचारतोय.

परवा रविवारी रात्री इकडे जोरदार पाऊस होता, लाईट तीन-चारदा आली-गेली, सोमवारी सकाळी मशीन लावलं तर काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाईस नाही एवढंच. बायोसमध्ये एसएसडी दिसतच नाही, दुसऱ्या मशीनला लावली तिथेही नाही, म्हणजे ती गेलीच. मग सगळं उचलून एका दुकानात नेलं, त्यांनी चारही डिस्क काढल्या, त्यातली एक विंडोजला जोडली तर लगेच डिस्क इनिशियलाईज करा असा बॉक्स आला. त्यांचा मुलगा ओके दाबणारच होता, मी म्हटलं थांब बाबा, हात लावू नको. मग ते म्हणाले की रेडची सेटिंग एसएसडीत होती, एसएसडी गेली म्हणजे रेड गेलं, आता डेटा रिकव्हरीला पाठवावं लागेल आणि खर्चाचा आकडा असा सांगितला की मी डिस्क पिशवीत घातल्या आणि घरी आलो.

आज नवीन एसएसडी आणली, डिस्क न जोडता तिच्यावर उबुंटू २४.०४ डेस्कटॉप टाकलं, मग मशीन बंद करून चारही डिस्क जोडल्या. डिस्क दिसतायत, एसडीबी ते एसडीई, पण कुठलाच फोल्डर उघडत नाही. डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके -एफ ही कमांड मारली तर चारहींसमोर लिनक्स रेड मेंबर असं येतंय. एका व्हिडिओत सांगितलंय की एमडीएडीएम (लिनक्सचं रेड सांभाळणारा प्रोग्रॅम) --क्रिएट करून त्याच चार डिस्क, तीच लेव्हल दिली की जुनं रेड परत येतं. करू का? अडचण अशी की दुकानात केबल काढल्या तेव्हा कुठली डिस्क कुठल्या पोर्टला होती ते कुणी लिहून ठेवलं नाही. भावाने डिस्कवर मास्किंग टेप लावून नंबर घातले होते पण दोन टेप गळून पडल्यात.

आत जवळजवळ सहा टीबी डेटा आहे. लग्नांची कामं तर आहेतच, पण २०१५ च्या सिंहस्थात वडिलांनी तिन्ही शाही स्नानं शूट केली होती, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर, रामकुंडावर रात्रभर उभं राहून. त्याची दुसरी कॉपी नाही. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

सातपूर_ड्यूटी · मंगळवार रात्री ११:२२

भाऊ क्रिएट मारू नको!! आधी हे वाच मग बाकीचं. क्रिएट म्हणजे नवीन रेड बनवणं, जुनं शोधणं नाही. तू डिस्क इनिशियलाईज होऊ दिल्या नाहीस हे फार चांगलं केलंस. आता मशीन बंद करून झोप, उद्या कुणीतरी नीट सांगेल, मला यातलं अर्धंच येतं पण एवढं पक्कं माहीत आहे.

नाशिकरोडची_मुलगी · बुधवार सकाळी ७:४५

सातपूरवाल्या दादांनी बरोबर सांगितलंय. मी पुण्यात सर्व्हरचंच काम करते, माहेर नाशिकरोडचं, त्यामुळे रामकुंड वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे दुकानवाल्यांचं म्हणणं चूक आहे. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची माहिती एसएसडीत नसते, ती प्रत्येक मेंबर डिस्कवर स्वतंत्र लिहिलेली असते, तिला सुपरब्लॉक म्हणतात. कुठल्या ॲरेची (म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचाची) डिस्क, लेव्हल कोणती, एकूण किती डिस्क, हिचा नंबर कितवा, चंक (एकेका डिस्कवर एका वेळी लिहायचा तुकडा) केवढा, डेटा कुठून सुरू होतो, सगळं त्यात असतं. एसएसडीत काय होतं तर एमडीएडीएम.कॉन्फ नावाची छोटी फाईल, एफएसटॅबमधली (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली) एक ओळ, सांबाचं (नेटवर्कवर फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं) शेअरिंग आणि तुमचे पासवर्ड. हे गेलं, पण ते अर्ध्या तासात परत लिहिता येतं.

तुम्हाला लिनक्स रेड मेंबर असं दिसतंय म्हणजे सुपरब्लॉक चारही डिस्कवर शाबूत आहेत. फक्त उबुंटू डेस्कटॉपमध्ये एमडीएडीएम आपोआप येत नाही, ते टाकावं लागतं, म्हणून ॲरे उभा राहिला नाही.

दुसरं, तो इनिशियलाईजचा बॉक्स. तुम्ही एसडीबी, एसडीसी असं लिहिलंय, एसडीबी१ नाही, म्हणजे भावाने पार्टिशन न करता अख्खी डिस्कच रेडला दिलेली दिसते. आजकालच्या १.२ फॉरमॅटमध्ये सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसतो. विंडोज इनिशियलाईज करताना जीपीटी टेबल (डिस्कच्या भागांची यादी) लिहितं, ते पहिल्या १७ केबीत पसरतं. ओके दाबलं असतं तर त्या डिस्कचा सुपरब्लॉक तिथेच पुसला गेला असता. तुम्ही हात धरलात म्हणून डिस्क वाचली.

आता करायचं काय. एमडीएडीएम इन्स्टॉल करा आणि फक्त बघा, काहीही लिहू नका. प्रत्येक डिस्कवर एमडीएडीएम --एक्झामिन मारा, चारही आऊटपुट एका फाईलमध्ये सेव्ह करा, ती फाईल मोबाईलवर पण घ्या. मला त्यातल्या पाच ओळी सांगा, ॲरे यूयूआयडी (ॲरेचा ओळख नंबर) चारहींचा सारखा आहे का, डिव्हाईस रोल, इव्हेंट्स, अपडेट टाईम आणि ॲरे स्टेट. सोबत स्मार्टसीटीएल -ए (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) मारून ५, १९७ (हे दोन खराब जागांचे) आणि १९९ नंबरचे आकडे पण द्या. आणि मशीन यूपीएसवर आहे ना? नसेल तर आधी ते बघा, बाकी सगळं नंतर.

अंबड_लॉगिन · बुधवार सकाळी १०:०५

माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या कंपनीत कार्डवालं रेड होतं, तिथे इंजिनिअरने सांगितलं होतं की डिस्क ज्या पोर्टला होत्या त्याच पोर्टला परत लागल्या पाहिजेत नाहीतर खेळ खलास. त्यामुळे मी तरी आधी तो क्रम शोधेन, जुने फोटो वगैरे असतील मशीनचे तर बघा. आणि मदरबोर्डमधलं रेड असेल तर बायोसमध्ये साटा मोड रेडवरून एएचसीआय झालाय का तेही तपासा, बोर्डवरचा सेल गेला की सेटिंग डीफॉल्टला जातात.

नाशिकरोडची_मुलगी · बुधवार सकाळी १०:३०

अंबडवाले दादा, साटा मोडचा मुद्दा बरोबर आहे, इंटेलच्या मदरबोर्ड रेडमध्ये हे नेहमी होतं. त्या रेडची माहिती डिस्कच्या शेवटी लिहिलेली असते आणि एमडीएडीएमला तीही वाचता येते. पण यांचं ते नाही, यांच्याकडे लिनक्सचं स्वतःचं रेड आहे. त्यात पोर्ट कुठलाही चालतो कारण प्रत्येक डिस्कला स्वतःचा नंबर माहीत असतो. तुमच्या इंजिनिअरने कार्डसाठी सांगितलेलं असेल, तिथे जसं कार्ड तसा नियम, जपून राहिलेलं बरंच.

घाटावरचा_फोटोवाला · बुधवार रात्री ९:५०

ताई खूप आभार. दुपारी शालिमारहून यूपीएसची नवीन बॅटरी आणली, जुनी पाच मिनिटंही टिकत नव्हती. आता आऊटपुट.

यूयूआयडी चारहींचा एकच. रेड ५, डिव्हाईस ४, चंक ५१२के, इंटर्नल बिटमॅप आहे असं दिसतंय.

एसडीबी – रोल २, इव्हेंट्स ६१८४२
एसडीसी – रोल ०, इव्हेंट्स ६१८४२
एसडीडी – रोल १, इव्हेंट्स ६१८४२
एसडीई – रोल ३, इव्हेंट्स ५८१०७

पहिल्या तिघांचा अपडेट टाईम रविवार रात्रीचा आणि स्टेट क्लीन, ॲरे स्टेट एएए आणि पुढे एक टिंब. एसडीईचा अपडेट टाईम मात्र मार्चमधला आहे आणि तिथे स्टेट एएएए दाखवतंय. हे काय आहे? मार्चमध्ये तर मशीन व्यवस्थित चालू होतं, रोज काम करत होतो.

स्मार्टमध्ये ५ आणि १९७ चारहींना शून्य. १९९ तिघांना शून्य, एसडीईला ३१२.

नाशिकरोडची_मुलगी · बुधवार रात्री १०:४०

हे नीट वाचा, दोनदा वाचा.

तुमची चौथी डिस्क मार्चमध्येच ॲरेतून बाहेर पडली होती. रेड ५ एक डिस्क गेली तरी चालत राहतं, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. इव्हेंट्स हा ॲरेचा मोजणीचा आकडा आहे, ॲरेत काही बदललं की वाढतो. तीन डिस्क ६१८४२ वर पोचल्या आणि एसडीई ५८१०७ वर अडकली. ते टिंब म्हणजे बाकी तिघींनी नोंद करून ठेवलीय की चौथी आमच्यात नाही. एसडीईला स्वतःला हे माहीत नाही, तिच्या लेखी अजून चौघी एकत्र आहेत, म्हणून तिच्यावर एएएए.

याचा अर्थ चार महिने तुम्ही एकही जादा डिस्क नसताना काम करत होतात. अजून एक गेली असती तर सगळं गेलं असतं. घाबरवायला सांगत नाहीये, पण आता पुढची प्रत्येक पायरी याच हिशोबाने टाकायची.

आणि आता रोल बघा. एसडीबी ही २ नंबर आहे, एसडीसी ० आणि एसडीडी १. तुम्ही व्हिडिओ बघून बी, सी, डी, ई अशा क्रमाने क्रिएट मारलं असतं तर क्रम चुकला असता, वर मार्चमधली शिळी डिस्क ताज्या डिस्कांत मिसळली असती आणि एमडीएडीएमने नवीन रेड समजून पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशोब) परत लिहायला घेतली असती. शिवाय जुन्या आणि नव्या व्हर्जनमध्ये डेटा कुठून सुरू होतो ती जागा वेगळी असू शकते. फोटोंवर फोटोंचाच चुरा झाला असता.

आता असं करा. मशीन बंद करून एसडीईची केबल काढा, डिस्क बाजूला ठेवा. त्यावर टेप लावून रोल ३, मार्च असं लिहा, यावेळी मार्करने. मग मशीन लावून कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट बघा, त्यात ॲरेची सध्याची स्थिती दिसते. आता एमडीएडीएम टाकलेलं असल्यामुळे ॲरे आपोआप एमडी१२७ नावाने उभा राहिलेला असू शकतो, किंवा इनॲक्टिव्ह आणि डिस्कपुढे एस अक्षर असं दिसेल. काहीही असलं तरी माउंट न करता (म्हणजे फोल्डर न उघडता) आधी एमडीएडीएम --स्टॉप करून मोकळा करा. नंतर तीनच डिस्क देऊन --असेंबल आणि सोबत --रीडओन्ली. नाव काहीही द्या, एमडी० चालेल. डिस्कची नावं कुठल्याही क्रमाने लिहा, असेंबल आपण होऊन रोल वाचतं. फोर्स लावू नका. स्टेट क्लीन आहे त्यामुळे त्याची गरज पडणार नाही. कसलाही एरर आला तर पुढे न जाता इथे जसाच्या तसा टाका.

ॲरे आला की ईएक्सटी४ असेल तर माउंट करताना आरओ आणि नोलोड दोन्ही द्या, म्हणजे जर्नलसुद्धा (फाईलसिस्टिमची बदलांची नोंदवही) लिहिलं जाणार नाही. फोल्डर दिसले की आनंदात काही उघडत बसू नका, आधी कॉपी. ८ टीबीची एक्सटर्नल डिस्क आणा, आरसिंक (कॉपी करणारी कमांड) लावा, सिंहस्थाचा फोल्डर पहिला. यूएसबी ३ वर सेकंदाला १२० एमबी धरलं तरी सहा टीबीला चौदा तास लागतात, तेवढा वेळ त्या खोलीत कुणाला जाऊ देऊ नका.

सातपूर_ड्यूटी · बुधवार रात्री १०:५५

भाऊ, १९९ चा आकडा केबलचा असतो बरं का. डिस्क आणि बोर्डमध्ये डेटा येता-जाता खराब झाला की तो वाढतो. ५ आणि १९७ शून्य आहे म्हणजे प्लॅटर ठीक वाटतंय, तुझी एसडीई बहुतेक चांगलीच असेल आणि साटाची केबल सैल. आमच्या मशीन शॉपमध्ये व्हायब्रेशनने हे कायम होतं. लॉकवाली केबल घे, क्लिप असलेली.

घाटावरचा_फोटोवाला · शुक्रवार सकाळी ६:२०

काल लिहायला जमलं नाही कारण मशीनसमोरून उठलोच नाही.

गुरुवारी सकाळी मशीन लावलं तर ताई म्हणाल्या तसं एमडी१२७ उभंच होतं, स्टॉप केलं, तीन डिस्क देऊन असेंबल मारलं. एंटर दाबायच्या आधी तीन वेळा कमांड वाचली, शेवटच्या वेळी मोठ्याने. लगेच एक ओळ आली, ॲरे तीन ड्राईव्हवर सुरू झाला, चारपैकी तीन. एमडीस्टॅटमध्ये यूयूयू आणि पुढे एक रेघ. माउंट केलं, एलएस मारलं आणि फोल्डरची नावं सरळ खाली उतरत गेली. सगळी.

कॉलेज रोडवरून ८ टीबीची डिस्क आणली आणि दुपारी एकला आरसिंक लावलं, सिंहस्थ आधी. संध्याकाळी लाईट गेली, वीस मिनिटं, यूपीएसने धरलं. ती वीस मिनिटं मी त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो होतो. मशीन आणि एक्सटर्नल डिस्क सोडून सगळं काढून टाकलेलं, राऊटरसुद्धा.

रात्री जेवताना वडिलांना सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, हात धुऊन स्टुडिओत आले आणि खुर्ची ओढून बसले. सिंहस्थाचा फोल्डर तोवर कॉपी झाला होता, म्हणून ८ टीबीवरचीच कॉपी उघडली. २९ ऑगस्टचे फोटो, पहाटेचे, गोदावरीच्या पाण्यात अजून दिव्यांचा उजेड आहे आणि घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. एका फोटोवर ते थांबले आणि म्हणाले, इथे माझी लेन्स पाण्यात जाता जाता वाचली होती. मग पुढचे चारशे फोटो एकेक करून बघितले. मी काही बोललो नाही.

आज पहाटे साडेतीनला कॉपी संपली. आता पुढे काय करू ताई?

नाशिकरोडची_मुलगी · शुक्रवार सकाळी ८:०५

वाचून डोळे भरून आले हो. वडिलांना नमस्कार सांगा.

आता घाई नाही. आधी कॉपी तपासा, आरसिंक परत एकदा --चेकसम (फाईलचा मजकूर पडताळणं) आणि ड्राय रन (काही न लिहिता नुसतं बघणं) लावून चालवा, वेळ लागेल पण फरक असला तर कळेल. मग एसडीई नवीन लॉकवाल्या केबलने जोडा आणि स्मार्टची लाँग टेस्ट लावा, ४ टीबीला सात-आठ तास धरा. टेस्ट स्वच्छ आली आणि १९९ चा आकडा ३१२ वरच राहिला तर ती डिस्क परत घेता येईल. तो आकडा खाली कधी येत नाही, फक्त वाढायला नको.

मग रीडओन्ली काढून ॲरे रीडराईट करा आणि --रीॲड (डिस्क परत ॲरेत घेणं) मारा. तुमच्याकडे इंटर्नल बिटमॅप आहे हे नशीब. डिस्क बाहेर असताना कुठले भाग बदलले ते बिटमॅपमध्ये नोंदलेलं असतं, त्यामुळे सगळी डिस्क नव्याने भरावी लागत नाही, मार्चपासून बदललेलं तेवढंच भरलं जातं. बिटमॅप नसता तर अख्खी ४ टीबी भरायला लागली असती आणि त्या वेळात बाकी तिन्ही डिस्कवर पूर्ण ताण.

त्यानंतर सेटिंग. एमडीएडीएम --डिटेल --स्कॅनचा आऊटपुट /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फमध्ये टाका आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा, नाहीतर रीबूटनंतर नाव परत एमडी१२७ होईल. एफएसटॅबमध्ये डिव्हाईसचं नाव न देता फाईलसिस्टिमचा यूयूआयडी द्या आणि नोफेल लावा, म्हणजे ॲरे आला नाही तरी मशीन बूट तरी होईल. त्याच कॉन्फ फाईलमध्ये मेलॲडर म्हणून एक ओळ असते, तिथे तुमचा ईमेल टाका आणि मशीनवरून मेल खरंच जातो का ते --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट मारून बघा. मार्चमध्ये हा मेल आला असता तर तुम्ही त्याच दिवशी केबल बदलली असती. तुमच्या भावाने मेल सोडून बाकी सगळं उत्तम केलं होतं, बिटमॅप सकट, त्याला ओरडू नका.

अंबड_लॉगिन · शुक्रवार सकाळी ९:१५

मी पोर्टचा क्रम शोधा म्हटलं होतं ते इथे लागू नव्हतं, ताईंनी समजावलं ते बरं झालं. आमच्याकडेही एक लिनक्स मशीन आहे, आज जाऊन एमडीस्टॅट बघतो. एवढ्या दिवसांत कधी बघितलंच नाही.

घाटावरचा_फोटोवाला · रविवार रात्री ८:३०

शेवटचं अपडेट. चेकसममध्ये एकही फरक नाही. लाँग टेस्ट स्वच्छ, १९९ अजून ३१२ च. रीॲड काल संध्याकाळी मारलं, चाळीस मिनिटांत एमडीस्टॅटमध्ये चारही यू. जुनी केबल काढताना बघितलं तर डिस्ककडचं टोक नुसतं टेकलेलं होतं, बोट लावलं की हलत होतं. सांबा परत बसवलं, घरच्या दोन्ही लॅपटॉपवरून फोल्डर दिसतायत. टेस्टचा मेल पण आला, मोबाईलवर त्याला वेगळी रिंगटोन लावली.

चारही डिस्कच्या एक्झामिनचा आऊटपुट प्रिंट करून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, डिस्कच्या सीरियल नंबरसकट. ८ टीबीची डिस्क आज दुपारी इंदिरानगरला बहिणीकडे ठेवून आलो, कपाटात, वरच्या खणात, वडील स्वतः बरोबर आले होते.